बाराव्या वेळचा वधूपिता

गिस्लाँ पोर्तमेरचा चेहरा अख्ख्या फ्रान्सला पाठ आहे, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. बाजारात चीज घ्यायला गेला की बाया त्याला अडवतात, 'तुम्हाला कुठेतरी पाहिलंय' म्हणतात आणि डोकं खाजवून शेवटी विचारतात, "आमच्या ह्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन तुम्हीच केलंत ना?" गिस्लाँ नाही म्हणत नाही. तब्येतीची चौकशी करतो आणि वर पथ्यही सांगतो.

मी मार्तीन. सिनेमाचा कपडेपट सांभाळते आणि चाळीस वर्षं या माणसाच्या अंगावर कपडे चढवतेय. पाद्री, खाटीक, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, दोनदा मंत्री, सहा वेळा प्रेत. प्रेत व्हावं तर त्यानेच. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. पाद्र्याचा झगा घातला की माझी अशी विचारपूस करतो की सगळी पापं सांगून मोकळं व्हावं. मंत्र्याचा कोट घातला की मला ओळखतसुद्धा नाही. कामात बापमाणूस आहे, हे मी कुणालाही सांगेन.

कपडे उतरवल्यावर आत कोण उरतो, ते मात्र मला कळलेलं नाही. त्याच्या बायकोने, नादेजने, पंधरा वर्षं शोधलं. मग कंटाळली आणि लिल शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे निघून गेली. त्या दिवशी गिस्लाँ एका विधुराचं काम करत होता. संध्याकाळी मला म्हणतो, "मार्तीन, आज डोळ्यांत पाणी बघ कसं पटकन आलं!" एक कानाखाली द्यावीशी वाटली. पण मी नुसता त्याचा टाय सोडला.

मुलगी सोलेन तेव्हा अकरा वर्षांची होती आणि ती बापाजवळ राहिली. यंदा जूनमध्ये तिचं लग्न ठरलं. एप्रिलमध्ये ती शूटिंगच्या जागी, माझ्या कपड्यांच्या गाडीत आली.

"पप्पा, जेवणाच्या वेळी तुला दोन शब्द बोलायचेत."

"दोनच कशाला? वीस मिनिटं बोलतो. अकरा वेळा वधूपिता झालोय मी, पोरी!"

"तेच म्हणतेय. या वेळी दुसऱ्या कुणाचा बाप होऊ नकोस, माझा हो. अडखळलास तरी चालेल, पण तुझं तू बोल. तेवढंच मागतेय मी तुझ्याकडे. जमणार नसेल तर बोलूच नकोस."

हसत म्हणाली, पण माझी मापाची पट्टी बोटांना करकचून गुंडाळत होती. गिस्लाँने छातीवर हात ठेवून वचन दिलं. इतकं सुंदर दिलं की मला धास्तीच वाटली.

लग्नाच्या आठ दिवस आधी तो सूट बेतून घ्यायला आला.

"पात्र कसं आहे?"

"कसलं पात्र? तू आहेस."

"हो गं, पण माणूस कसा आहे? थकलेला? मिजासखोर? साधा?"

"त्यालाच विचार."

"कुणाला?"

मी चार टाचण्या तोंडात धरल्या, नाहीतर शिव्या बाहेर पडल्या असत्या.

लग्न माँत्रईच्या नगरपालिकेत लागलं. उपमहापौर बाई तिरंगी पट्टा लावून कायद्याची कलमं वाचत होत्या. गिस्लाँ तीन सिनेमांत महापौर होता, त्यामुळे त्याचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. बाईंनी एक शब्द गिळला, तो याने मोठ्याने सांगितला. लोक हसले, सोलेनही हसली. तिथवर ठीक होतं.

जेवण मार्न नदीच्या काठी होतं. चीज यायच्या आधी गिस्लाँ उठला, पेल्यावर चमचा वाजवला आणि बोलायला लागला. "तुला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा बाहेर बर्फ पडत होता..." लोकांचे हात रुमालाकडे गेले. नवऱ्यामुलाची आजी तर हुंदकेच देऊ लागली. नादेज दुसऱ्या टेबलावर ताटाकडे बघत बसली होती. सोलेनचा जन्म ऑगस्टमधला आहे.

सोलेनने पहिल्याच वाक्याला ओळखलं. लहानपणी रोज स्वयंपाकघरात संहिता हातात धरून बापाकडून संवाद पाठ करून घ्यायचं काम तिचंच होतं. खुनी, विधवा, पोलीस, सगळ्यांची वाक्यं ती म्हणायची. हे भाषण एका सिनेमातल्या वकिलाचं होतं, दुसऱ्याच कुठल्या मुलीसाठी. गिस्लाँ एका जागी श्वासाला थांबला. सिनेमात तिथे मुलीचं वाक्य आहे. सोलेन उभी राहिली आणि तिने ते सपाट आवाजात म्हटलं.

"'बाबा, दार उघडं ठेवा, मी येत राहीन.' पुढे तुझं, 'ते दार कधी बंद नव्हतंच.' पाठ आहे मला, पप्पा. ते झालं. आता तुझं बोल."

गिस्लाँ पेला धरून उभा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय डोंबल सांगणार? मग लेकीकडे बघितलं, आणि 'पुढे काय?' असं त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

सोलेन त्याच्याजवळ गेली. मी पेला घ्यायला पुढे झाले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मी घरी नसायचो," ती हळूच म्हणाली.

"मी घरी नसायचो," गिस्लाँ म्हणाला.

"असलो तरी नसायचो."

"असलो तरी नसायचो."

"मला माफ कर."

इथे तो थांबला. बरोबर हवा तिथे आवाज दाटून आला आणि तो म्हणाला, "मला माफ कर." लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आजीने दुसरा रुमाल मागवला. चाळीस वर्षं या माणसाला जवळून पाहतेय, पण ते खरं होतं की नाही, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

सोलेनने रडत रडत त्याला मिठी मारली. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "माफ कर म्हणताना जरा घाई झाली ना? पुन्हा एकदा करू का?"

"नको पप्पा," सोलेन म्हणाली. "हेच ठेवते मी."