निळ्या नळीवरचा काळा ठिपका

डॉक्टरांनी टेबलावरचं हृदय उचललं आणि त्याचं पुढचं झाकण काढलं. मी आधी रंग बघितला. निळा जरा गडद लागला होता. ते मॉडेल आमच्याच कारखान्यातलं होतं, आणि खालच्या मोठ्या निळ्या नळीच्या तोंडावरचा काळा ठिपका माझ्या हातचा होता.

डॉक्टर सांगत होते, "मायट्रल स्टेनोसिस आहे." म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये जी झडप असते, ती जाड होऊन अरुंद झाली आहे. रक्ताला पुढे जायला वाट पुरत नाही, ते मागे फुफ्फुसात तुंबतं, म्हणून दम लागतो. त्यांनी बोट ठेवलेली झडप मला ठाऊक होती. आमच्याकडे तिला चौदा नंबर म्हणतात.

"ही उघडावी लागेल," ते म्हणाले. त्यांच्या दुसऱ्या हातात झाकण तसंच होतं.

मी तेव्हा चौतीस वर्षांची. चौक गावात जुन्या हायवेलगत, एका गॅरेजच्या मागे आमचा छोटा कारखाना आहे. शाळा-कॉलेजांत शिकवायला लागणारी अवयवांची मॉडेलं तिथे बनतात. साचे पुरुष भरतात, रंग आम्ही बायका देतो. हृदयाच्या बाहेरच्या शिरा माझ्याकडे, आतलं काम कमलताईंकडे. नऊ वर्षं मी हृदयं रंगवली, पण चौदा नंबरचं काम काय, हे कधी कुणाला विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दम लागायला वर्षभर आधीच सुरुवात झाली होती. बस थांबते तिथून कारखान्यापर्यंत थोडा चढ आहे. तेवढ्यात मी दोनदा थांबायची. सगळ्यांनी थिनरवर खापर फोडलं, मीही फोडलं. रंगकाम करणाऱ्यांत पक्का समज आहे, की छातीत रंग बसतो आणि गुळाने तो सुटतो. "गूळ खात जा गं, सगळं उतरतंय," कमलताई म्हणायच्या. मला खिडकीजवळची जागा मिळाली. मी वर्षभर गूळ खाल्ला. एक दाढ किडली, दम होता तिथेच राहिला. उलट वाढला.

पुढे आडवं झालं की खोकला यायचा. एका उशीच्या तीन झाल्या. खोपोलीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि पनवेलला इकोसाठी पाठवलं. इको म्हणजे छातीवर गार जेल लावून केलेली हृदयाची सोनोग्राफी. दुखत नाही. दुखतं ते बाहेर बाकावर बसून वाट बघणं.

ते मॉडेल हातात घेण्याआधी पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, लहानपणी सांधे सुजले होते का? सुजले होते. मी अकरा वर्षांची होते. आधी घसा, मग ताप, मग आज गुडघा तर उद्या कोपर. आईने निर्गुडीचा पाला बांधला, सूज उतरली, सगळे विसरले. त्याला रुमॅटिक फीवर म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेला लागलेलं तसंच राहतं आणि वर्षानुवर्षं वाढत जातं. आईला दोष देत नाही. तिला तरी कोण सांगणार होतं?

मी ऑपरेशनला नाही म्हटलं. तीन आठवडे नाहीच म्हणत राहिले.

माझे मिस्टर कंपनीचा टेंपो चालवतात, शांत माणूस. तेसुद्धा चिडले. "डॉक्टर सांगतात तर ऐकायचं नाय? पोरगी पाचवीत हाय आपली." मी भांडी घासत राहिले. खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

कारण ते झाकण होतं. आमच्याकडे साच्यातून अख्खं हृदय निघतं, मग त्याचं झाकण करवतीने कापतात. चौदा नंबरपर्यंत पोचायला दुसरी वाटच नाही. ती करवत मी रोज ऐकते. डॉक्टर "उघडावी लागेल" म्हणाले आणि मला तीच ऐकू आली. पुढचं काहीच ऐकलं नाही.

शेवटी डबा खाताना कमलताईंना बोलून टाकलं. त्यांनी घास तसाच ठेवला. "अगं, हे मला कशाला सांगतेस? मी रंगवणारी बाई. त्या डॉक्टरला जाऊन विचार की!"

गेले. मिस्टर सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "झाकण काढायचंच नाही आपल्याला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी आत जाते, या निळ्या नळीतून वर हृदयात." त्यांनी पेनाचं टोक नेमकं माझ्या ठिपक्यावर टेकवलं.

"इथनं नाय जाता येत," मी म्हणाले.

"का?"

"भरीव हाय ती. भोक नाय ते, रंग हाय. मीच दिलाय."

मिस्टरांनी माझा पदर ओढला. डॉक्टरांनी नखाने काळा रंग खरवडला, खाली पांढरं फायबर निघालं. मग ते जे हसायला लागले ते सिस्टर आत डोकावेपर्यंत. "इतक्या पेशंटना मी इथेच पेन टेकवून समजावलं," ते म्हणाले, "एकानेही चूक काढली नाही. बाई, तुमच्या अंगातली नळी पोकळ आहे. तिच्यावर विश्वास ठेवा."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. नळी उजव्या कप्प्यात येते, मधल्या पातळ भिंतीतून सुईने डावीकडे जाते आणि झडपेत छोटा फुगा फुगवते. याला बलून व्हॉल्वोटॉमी म्हणतात. सगळ्यांच्या झडपेला हे चालतंच असं नाही, माझ्या झडपेला चालणार होतं. भिंतीला भोक म्हटल्यावर मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "क्वचित झडप गळायला लागते, मग मोठं ऑपरेशन करावं लागतं." हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून मी हो म्हणाले.

आधी घशातून नळी घालून इको झाला, आत रक्ताची गाठ नाही ना हे बघायला. तो त्रासाचा आहे, पण लवकर संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत नेलं. खोली थंडगार होती. जांघ बधिर केली होती, मी जागी होते. फुगा फुगला तेव्हा छातीत धडधडलं, गरगरल्यासारखं झालं. मी पोरीचं नाव घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "उघडली."

दुपारी वॉर्डात सिस्टरने बजावलं, पाय हलवायचा नाही, उशी मिळणार नाही. पडून राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की मी सपाट पडले आहे आणि श्वास येतोय. खोकला नाही, काही नाही. मग मात्र मी रडले. मिस्टर घाबरून सिस्टरला बोलवायला धावले.

तो लहानपणीचा ताप परत येऊ नये म्हणून आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. ठणकतं, पण चुकवत नाही. कुणाला चढावर दम लागत असेल तर गूळ चहात घाला आणि छाती तपासून घ्या. पोरांचा घसा दुखून सांधे सुजले तर पाला बांधून बसू नका.

कामावर परत गेले तेव्हा पहिलंच हृदय पुढ्यात आलं आणि काळ्या रंगात बुडवलेला ब्रश मी खाली ठेवला. मालकांना म्हटलं, एकाला तरी आरपार भोक पाडून द्या. ते कुरकुरले, साचा बदलावा लागेल म्हणाले, पण ड्रिल मशीन घेऊन स्वतः बसले. ते हृदय मी पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तिथे पळसदरीकडची एक बाई बसली होती. तिचीही झडप तीच, आणि तीही नाही म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीच सांगा यांना." मी कारखान्यातून आणलेली बारीक तार घेऊन सगळं दाखवायला लागले. बाई मॉडेलकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तू वर कशी आलीस गं?" तिने विचारलं. "लिफ्टनं?"

"जिन्यानं," मी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यापर्यंत. मधे एकदा थांबले, खोटं कशाला सांगू."

मग तिने माझ्या हातातलं हृदय मांडीवर घेतलं, तार मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने निळ्या नळीत घातली.