सॉफ्टवेअर कुणाचं?

वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवरून वारा आला, की मला रनाळ्यातल्या आमच्या ओट्यावरची ती दुपार आठवते. शाळेतली नोकरी सोडून मी घरून लेखनाची कामं घेऊ लागले होते, आणि पहिल्याच मोठ्या कामाच्या मेलमध्ये संपादकबाईंनी लिहिलं होतं, की मजकूर एका ठरावीक सॉफ्टवेअरमध्येच हवा. ते विकत घेणं मला झेपणारं नव्हतं. खऱ्या लेखकांकडे ते असतंच, असं समजून मी नकार लिहायला बसले. शेजारी मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या सासूबाईंनी माझे भरून आलेले डोळे पाहून कारण विचारलं आणि सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "इचारी तं देख! ती बाई तुले खाई टाकी का?" मी घाबरतच संपादकबाईंना फोन लावला. त्यांनाच नवल वाटलं. "अहो, ते आम्हाला लागतं, मग तुम्ही कशाला विकत घेता? लॉगिन पाठवते मी." फोन ठेवला आणि मला एकदम कडकडून भूक लागली, सकाळपासून पोटात काही नव्हतं. आता नवं काम आलं, की सॉफ्टवेअर कोण देणार, हे मी आधी विचारते, आणि विचारताना माझा आवाज कापत नाही.