ओव्हिडियाने नळ सोडला

ओव्हिडिया डुकरं कापते. नाताळात आमच्या पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या निम्म्या घरांत तिच्याच सुरीखालचं डुक्कर भाजलं जातं. तिच्या उजव्या हाताला तीनच बोटं. मोठ्या वादळानंतर चार महिने वीज नव्हती, तेव्हा दोघं कोयते घेऊन जनरेटर पळवायला आले. ही सोडेना, म्हणून त्यांनी बोटांवरच वार केला. जनरेटर गेला, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं आणि दिवस मावळायच्या आत हिची आई गेली.

आता तसलंच यंत्र धाकट्या भावाच्या, एलाडियोच्या नाकाला आहे. छपरावर सोलर होतं. बॅटरी तेवढी घ्यायची होती.

रायमुंडो नावाचा विक्रेता पांढरे बूट घालून आला, तेव्हा मी शेजारी म्हणून तिथेच होतो. नमुन्याची बॅटरी जोडून म्हणाला, "बाई, फ्रीज, पंखे, भावाचं यंत्र, सगळं वीस तास! डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून मी डुक्करसुद्धा कापत नाही," म्हणत तिने मेन स्विच पाडला. सगळं चालू राहिलं. रायमुंडो हसला. मग तिने ओट्यावरचा नळ सोडला.

आमच्याकडे पाणी टाकीतून येतं; नळ सोडला की पंप आपोआप सुरू होतो. पंपाने हिसका दिला, बॅटरीने मान टाकली. यंत्र किंचाळायला लागलं.

"नळ आणि यंत्र एकदम कोण चालवतं, बाई?"

तिने त्याला भिंतीवर आपटलं. तीन बोटांच्या पंजाने नाकतोंड दाबलं. "मोज! तुझे वीस तास मोज!" त्याचे डोळे बाहेर आले, तिच्या बोटांमधून त्याच्या नाकातलं रक्त गळायला लागलं. मी धावत जाऊन मेन चढवला.

"अक्के, सोड त्याला," एलाडियो धापा टाकत म्हणाला. "हा मेला तर जोडणी तू करणारेस?"

तिने सोडलं.

बॅटरी किती तास चालते हे सगळेच विचारतात. एका दणक्यात किती ओझं उचलते ते विचारा! मी घरोघर हेच ओरडत फिरलो: नळ सोडल्याशिवाय सही करायची नाही.

चाळीस गिऱ्हाइकं हातची जाणार म्हटल्यावर आठवड्याने रायमुंडो परत आला. नाकावर पट्टी, गाडीत दोन बॅटऱ्या आणि दुप्पट ताकदीचा इन्व्हर्टर. जोडणी केली, मेन स्वतःच पाडला, नळही स्वतःच सोडला. पंप घरघरला. एलाडियोचं यंत्र चालूच राहिलं.

ओव्हिडियाने यंत्राला कान लावून पाहिला.

"आता सोडलाच आहेस नळ, तर हात धू," ती म्हणाली. "कॉफी ठेवते."