झोंबी आले तर

दुपारी ऑफिसात डबे उघडले आणि वाद पेटला. मेलेली माणसं झोंबी होऊन उठली आणि जिवंतांना खात सुटली, तर जगायचं कसं? कुणी म्हणालं, गच्ची गाठायची. कुणी म्हणालं, आधी किराणा दुकान ताब्यात घ्यायचं. मीही हसत ऐकत होते. मग समोरचा नितीन भाकरी मोडत म्हणाला, "हळू चालणाऱ्यांना मागे सोडायचं. झोंबी त्यांना खाईपर्यंत आपण निसटतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या कुबड्या टेबलालाच टेकलेल्या होत्या.

"म्हणजे मला," मी म्हटलं.

"अहो मॅडम, गंमत चाललीय!" असं म्हणत त्याने लोणचं पुढे केलं.

मी डबा बंद केला. अंगाचा तिळपापड झाला होता. खऱ्या संकटात माणूस घाबरतो, धरलेला हात सुटतो, हे मी समजू शकते. पण इथे तर सगळं मनातलंच होतं. मनातल्या मनात मला पाठुंगळी घेऊन पळायला कुणाचं काय जात होतं? तिथे दम लागत नाही, पाय घसरत नाही. तेवढं फुकटचं मोठेपणही एकालाही सुचलं नाही.