भावोजींच्या पाइपची साफसफाई

पस्तीस वर्षं कवळ्या बनवण्यात घालवल्यामुळे कवळीमास्तरांना कशाचीच किळस उरलेली नाही, असा सगळ्यांचा समज होता. त्यांचा स्वतःचाही होता. लोक रुमालात गुंडाळून तुटक्या कवळ्या आणत, त्यांत परवाचं जेवण अडकलेलं असे. मास्तर एका हाताने ती कवळी नळाखाली धरत आणि दुसऱ्या हाताने चहा पीत. बायको म्हणायची, "अहो, निदान आधी हात तरी पुसा." ते म्हणायचे, "माणसाचं तोंड आहे ते, गटार नव्हे."

पण थोरल्या बहिणीने भावोजींचा तंबाखूचा पाइप त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा मात्र त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

भावोजींना जाऊन पाच महिने झाले होते. वाचनालयाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष. आता तिथे त्यांची तसबीर लागणार होती आणि खाली काचेच्या कपाटात त्यांचा पाइप. "जरा चकाचक करून द्या," असं सेक्रेटरींनी ताईला सांगितलं होतं.

"तुझ्याकडे मशीन आहे, ब्रश आहेत," ताई म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

मास्तरांना हा पाइप चांगला ठाऊक होता. भावोजी घरात शिरण्याआधी धूर शिरायचा. जेवण झालं की ते राख सरळ ताटात झाडायचे. मग पाइपचं ओलं टोक मास्तरांकडे रोखून पाहुण्यांना सांगायचे, "हे आमचे मेहुणे. लोकांच्या तोंडावर जगतात." त्या टोकाला लाळेची तार लोंबत असायची. तीस वर्षं हाच विनोद, आणि तीस वर्षं सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, कारण हसलं की विषय लवकर संपायचा. तेवढ्यात ताई मुकाट्याने पाइप उचलून आत न्यायची आणि केसांतल्या पिनेने आतली घाण कोरून काढायची. तिच्या बोटांची टोकं कायम पिवळी दिसत. मास्तरांनी एकदा बोटं पुसायला तिला स्पिरिटची बाटली दिली होती, एवढंच.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. पाइपचं काळं टोक लाकडी भागात असं घट्ट बसलं होतं की हलेना. गारठल्यावर ते सैल पडेल म्हणून मास्तरांनी पाइप पिशवीत घालून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

"वन्संना तुम्हाला नाही म्हणता येत नाही, ते समजलं," बायको म्हणाली. "पण माझ्या फ्रिजमध्ये?"

तासाभराने त्यांनी टोक पिळलं. ते निघालं आणि आतून तपकिरी, चिकट पाणी त्यांच्या अंगठ्यावर ओघळलं. वास असा की मास्तर श्वास रोखून बेसिनपर्यंत गेले. साबण लावला, पुन्हा लावला. वास तिथेच.

पाइपच्या वाटीत जळक्या तंबाखूचा थर इतका जमला होता की करंगळी आत जाईना. त्यांनी तो कवळ्या कोरायच्या चाकूने खरवडला. काळे पापुद्रे कागदावर पडत गेले. मग वाटीत मीठ भरलं, वरून स्पिरिट ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाहतात तर पांढऱ्या मिठाचा पिवळट काळा चिखल झालेला. लाकडाने चाळीस वर्षं प्यायलेलं सगळं वर आलं होतं. त्या सकाळी मास्तरांना चहा गेला नाही.

टोक कडक रबराचं होतं. मास्तरांचे उस्ताद जुन्या काळी याच रबराच्या कवळ्या बनवत, त्यामुळे त्याची खोड त्यांना माहीत होती. पॉलिश पेपर फिरवला की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्यांनी खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधला आणि हिरवट मळ घासून काढला. मग भिंग घेऊन ते टोक दिव्याखाली धरलं.

वरच्या बाजूला दोन खोल खड्डे होते. ते भावोजींचे, त्यात शंकाच नव्हती. पण अगदी कडेला बारीक, ताज्या खुणा होत्या. आणि खालच्या बाजूला दोन दातांचे ठसे, एक दात दुसऱ्यावर तिरका चढलेला. भावोजींचे खालचे दात पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. मास्तरांनीच त्यांच्या वरच्या कवळीचं माप घेतलं होतं, तेव्हा खालचेही पाहिले होते.

ते कपाटापाशी गेले. ताईला कधीकाळी दोन दात बसवून दिले होते, तेव्हाचा तिच्या खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा वरच्या फळीवर होता. मास्तरांनी पाइपचं टोक त्यावर टेकवलं. ते बरोब्बर बसलं.

टोक हातात घेऊन मास्तर तसेच चालत ताईकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, हा पाइप कोण ओढत होतं?"

"तुला कसं कळलं?"

"दातांवरून."

ताईने खालच्या दातांवरून जीभ फिरवली. "ते गेल्यावर आठवड्याभराने. मागच्या खोलीत, दार लावून. त्यांचा तंबाखूचा डबा अर्धा शिल्लक होता."

"अगं, त्या वासाने तुझं डोकं धरायचं."

"अजून धरतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाइप साफ करताना मला ओकारी यायची. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, होईल सवय. मला बघायचं होतं, असं काय आहे त्यात, की हा माणूस बायकोशी बोलायलासुद्धा तो तोंडातून काढत नव्हता."

"मग?"

"काही नाही रे. जळक्या फडक्यासारखी चव. डबा संपेपर्यंत ओढला. म्हटलं, एखादी चिमूट तरी चांगली निघेल."

मास्तरांनी हातातलं टोक पटकन खिशात टाकलं. तिची किळस नव्हती ती. ताटातली राख, ती लाळेची तार आणि त्यावर हसणारं आपलं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं.

"देऊच नको त्यांना," ते म्हणाले. "टाकून देऊ."

"कबूल केलंय मी. फक्त माझे दात तेवढे काढ."

घरी येऊन त्यांनी टोक लायटरच्या ज्योतीवरून अलगद फिरवलं. ऊब लागली की हे रबर मूळच्या आकारावर येतं. ताईच्या उथळ खुणा दोन मिनिटांत भरून आल्या, जणू तिने तो पाइप कधी तोंडात धरलाच नव्हता. भावोजींचे खड्डे मात्र जेमतेम वर आले. मास्तरांनी शिवी हासडली आणि मशीनच्या चाकावर पाइप चकाकेपर्यंत पॉलिश केला.

समारंभात सेक्रेटरींनी पाइप उंच धरला. "पाहा, साहेबांच्या दातांच्या खुणासुद्धा मास्तरांनी जपल्या आहेत." टाळ्या पडल्या. मग दोन शब्द बोलायला मास्तरांनाच उभं केलं.

मास्तर म्हणाले, "हा पाइप माझ्या बहिणीने चाळीस वर्षं साफ केला. मी तीन दिवस केला, तर मला अन्न गेलं नाही. इतकी घाण मी कुणाच्या तोंडात पाहिलेली नाही."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. सेक्रेटरी तर डोळे पुसत हसले. मास्तर हसले नाहीत. ते सगळ्यांकडे बघत उभे राहिले, तेव्हा पुढच्या रांगेतलं हसू हळूहळू विरलं आणि कुणीतरी घसा खाकरला. ताई उठून म्हणाली, "चल, मला घरी सोड."

घरी गेल्यावर तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. "हे पडदे काढून दे. चारदा धुतले, वास जात नाही."

मास्तर स्टुलावर चढले. कापड हाताला चिकटत होतं. मान वळवून, तोंडाने श्वास घेत त्यांनी एकेक कडी सोडवली. दोघांनी मिळून गाठोडं बांधलं आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकलं. परत आल्यावर दिसलं, पडद्यामागची भिंत पांढरी होती आणि बाकीची सगळी खोली पिवळी.

"रविवारी खोलीला रंग देते म्हणते," ताई म्हणाली.

"मी येतो," मास्तर म्हणाले.