दादा दारू पीत नव्हता

गेल्या महिन्यात मामेभावाच्या वर्षश्राद्धाला गेले होते, रत्नागिरीपासून तासाभरावरच्या गावात. मामेभाऊ मला सात आहेत, त्यातला कुठला ते कमेंटमध्ये विचारू नका. गाव, नाती थोडी बदलली आहेत आणि वहिनीला आधी वाचून दाखवलंय... आपण त्याला नुसतं दादा म्हणू.

दादा लिव्हरच्या कॅन्सरने गेला. उभ्या आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता. शिमग्यात अख्खी वाडी झिंगलेली असायची आणि हा कोकम सरबत घेऊन बसायचा, म्हणून लोक त्याला चिडवायचे.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हिपॅटायटिस बीचा व्हायरस आहे, बहुतेक लहानपणापासून अंगात असावा. वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खराब करत राहतो आणि एखाद्याला त्यातून कॅन्सर होतो. आधी कधी कावीळ झाली होती का, असंही त्यांनी विचारलं...

झाली होती. कॉलेजात असताना. तेव्हा रक्त तपासायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, आमच्याकडे कावीळ 'उतरवून' घेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, रोज पिवळेपणा कमी झाला की कावीळ गेली! त्याला स्कूटरवर बसवून उतरवणाऱ्याकडे मीच न्यायची आणि हातावर तांब्याने पाणीही मीच ओतायची. पाचव्या दिवशी पाणी स्वच्छ आलं आणि आम्ही पेढे वाटले. शिकलेली होते हो मी. लाज वाटते.

तर श्राद्धाची जेवणं झाली. ओटीवर सुपारी कातरत एक काका म्हणाले, "चोरून घेत असणार. कोणाला कळू दिलंन नाही, एवढंच. लिव्हर काय उगीच जातं?"

त्याच्याच श्राद्धाची खीर पोटात आणि वर हे! माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने आतून हाक मारली.

स्वयंपाकघरात तिने दार लोटून घेतलं. "ताई, काकांना काही बोलू नका. ते दारूचं मीच सांगितलंय सगळ्यांना."

ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "दारू म्हटली की माणसाबरोबर सरते. व्हायरस म्हटलं की अख्खं घर आलं त्यात. उद्या माझ्या पोरीला कोण करून घेईल?"

मी विचारलं, पोरीची तपासणी केलीस ना? डॉक्टरांनी दोघींची रक्ततपासणी लिहून दिली होती. वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग तांदळाच्या डब्याखालून घडी घातलेला कागद काढला. वर्षभर तो तिथेच होता! इथल्या लॅबमध्ये कोणी ना कोणी ओळखीचं निघणार, या भीतीने.

एका ताटात जेवून हा पसरत नाही. रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, नवरा-बायकोत जातो. लस आहे, औषधं आहेत. हे सगळं सांगून झालं तरी वहिनीची मान 'नाही'च म्हणत होती. माझ्या संतापाचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

शेवटी मी सौदा केला. दादाबद्दल कोणी काहीही बोललं तरी मी तोंड उघडणार नाही, पण सोमवारी तू पोरीला घेऊन येशील. ती हो म्हणाली.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आम्ही तिघी चिपळूणला गेलो. दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि लसीचा पहिला डोसही झाला. पोरगी दंड चोळत म्हणाली, "आत्या, एवढंच होतं?" एवढंच होतं गं बाई... देवाचे आभार मानले, मनापासून मानले.

तुमच्याकडे कोणाला कावीळ झाली तर कृपा करून रक्त तपासा. उतरवायची ती नंतर उतरवा.

काल मासळी बाजारात तेच काका भेटले. हातात बांगड्यांची पिशवी. मलाच म्हणाले, "काय गो, पटलं ना त्या दिवशीचं? घेत होता ना?"

मी म्हटलं, "हो काका. घेत असेल."

दादा, पोरगी ठीक आहे रे. मला माफ कर.