हरबाचे चारशे

वसंत दाणींना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसे. हे त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राजधानी भोपाळला हलली तेव्हा फायलींच्या मागोमाग तेही इकडे आले. वसंतरावांचा जन्म इथलाच, शिक्षण इथलंच, आणि नोकरीही इथंच, सिंचनाच्या खात्यात इंजिनिअर म्हणून. त्यांच्या बरोबरीनं लागलेला नारायण मुळमुळे त्यांच्या आधी वर चढला आणि त्याला चार इमलीत, बड्या साहेबांच्या वस्तीत, बंगला मिळाला. त्या दिवसापासून वसंतराव ऑफिसला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चार इमलीतून गेलं की स्पीडब्रेकर फार लागतात." त्यांची बायको प्रमिला हे ऐकून पदराआड हसायची. ती बँकेत होती, दिवसभर माणसं बघायची. घरातला माणूस तिला कळला नसता तरच नवल.

निवृत्तीनंतर दोघं कोटरा सुल्तानाबादच्या आपल्या घरात राहिली. एकुलती एक मुलगी शर्वरी अमेरिकेत, पिट्सबर्गला. वसंतराव दिवसभर घरात येरझारा घालायचे, नळाच्या गळतीवरून प्लंबरशी वाद घालायचे. शर्वरीच्या ते लक्षात आलं. तिनं त्यांना कॉम्प्युटरवरच्या बेसबॉलच्या खेळात ओढलं. तिच्या ऑफिसातल्या काही जणांची लीग होती. प्रत्येकाचा एक संघ, खेळाडू सगळे कॉम्प्युटरनं बनवलेले, नावंसुद्धा त्यानंच ठेवलेली. मालकानं फक्त संघ निवडायचा, कोण कितव्या नंबरावर खेळेल ते ठरवायचं, काही सूचना भरून ठेवायच्या. रोजचा सामना कॉम्प्युटर आपला आपण खेळायचा आणि भोपाळच्या सकाळी, चहाच्या वेळेला, निकाल यायचा.

"बाबा, तुम्हाला क्रिकेट कळतं म्हणजे हेही कळेल," शर्वरी म्हणाली होती.

वसंतरावांना ते कळलं, आणि वेडही लागलं. त्यांनी संघाचं नाव ठेवलं 'हबीबगंज हॉक्स'. स्टेशनचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडात हबीबगंजच होतं. दोन वर्षं शर्वरीचा फोन आला की तो बाबांसाठी असायचा. कुठला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, थकलाय, कुठला फलंदाज फॉर्मात आहे, कुणाच्या बदल्यात कुणाला द्यावं, यावर बापलेक अर्धा-अर्धा तास बोलायची. शेवटी शर्वरी म्हणायची, "आईला द्या जरा," आणि प्रमिलाच्या वाट्याला जेवणाखाण्याची चौकशी यायची. तिनं कधी तक्रार केली नाही.

मग एका सिझनच्या आधी लीगमधल्या एका माणसानं संघ सोडला. जागा रिकामी झाली. शर्वरीनं सहज विचारलं, "आई, तू घेतेस का?"

"घेते की," प्रमिला म्हणाली.

वसंतराव मोठ्यानं हसले. "अगं, तुला क्रिकेटमधला एलबीडब्ल्यू कळत नाही."

"यात एलबीडब्ल्यू आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

तिनं संघाला नाव दिलं 'कोटरा कोकिळा'. आणि पहिल्याच आठवड्यात तिनं जो खेळाडू उचलला तो वसंतरावांनी टाकलेला होता. डेल होरवाथ नावाचा, छत्तीस वर्षांचा, जाडसर, पळताना धापा टाकणारा. निदान आकडे तरी तसं सांगत होते. वसंतरावांनी त्याच्या जागी एक तरणाताठा पोरगा आणला होता. होरवाथ हे नाव प्रमिलाच्या जिभेवर बसेना. ती त्याला हरबा म्हणू लागली.

हरबा मारू लागला. पहिल्या महिन्यात वसंतराव म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस." दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "कॉम्प्युटरचं नशीब आहे, दुसरं काय." तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोलणंच सोडलं. हरबाची सरासरी चारशेच्या आसपास रेंगाळत होती.

चारशे म्हणजे काय, हे आता घरी येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळायला लागलं होतं, कारण प्रमिला प्रत्येकाला समजावून सांगायची. फलंदाज हजार वेळा खेळला आणि त्यातल्या चारशे वेळा त्यानं हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून बाद न होता पहिला टप्पा, पहिला बेस, गाठला, तर त्याची सरासरी चारशे. तीनशे मारणारा उत्तम समजायचा. साडेतीनशे म्हणजे राजा. चारशे खऱ्या बेसबॉलमध्येही दोन-तीन पिढ्यांत कुणाला साधलेले नाहीत, आणि यांच्या लीगमध्ये तर कुणालाच कधी नाही.

आता शर्वरीचा फोन रोज सकाळी यायचा, आणि तो आईच्या मोबाइलवर. प्रमिला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलायची. मध्येच दोघी खळखळून हसायच्या. वसंतराव बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाहीत. आतून हाक यायची, "अहो, शर्वरी आहे, बोलता का?"

"मी पेपर वाचतोय."

मग आत पुन्हा हसू सुरू व्हायचं आणि वसंतराव टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यांच्या तरण्याताठ्या पोराची सरासरी दोनशे चौदा होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लीगच्या पानावर सगळ्या जगाला दिसत होतं.

एकदा दोघं भाजी घेऊन येत होती. खालच्या मजल्यावरची सुप्रिया जिन्यात भेटली. वसंतरावांच्या हातात दोन जड पिशव्या होत्या.

"काकू, तुमचा हरबा काय म्हणतो? चारशे होणार ना?"

"बघू. पाय साथ देत नाहीत त्याचे, पण हात चांगले आहेत," प्रमिला एखाद्या पुतण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली.

वसंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "तो आधी माझ्याकडे होता."

सुप्रियानं निरागसपणे विचारलं, "मग सोडलात कशाला, काका?"

त्या दिवशी वसंतराव घाईघाईनं जेवले. भाजीत मीठ कमी होतं, तरी मागून घेतलं नाही. मुळमुळेच्या बंगल्याच्या वेळी व्हायचं तसंच हे होतं, पण मुळमुळे निदान चार इमलीत राहायचा. ही त्यांच्याच ताटाशी बसून पोळी वाढत होती.

गणपती जवळ आले आणि सिझन संपत आला. शेवटचे तीन सामने उरले होते. वेळापत्रक कधीच ठरलेलं होतं, पण वसंतरावांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. कोकिळांचे शेवटचे तिन्ही सामने हॉक्सशी होते. हरबाची सरासरी होती तीनशे अठ्ठ्याण्णव. साधारण निम्म्या वेळा हिट मारली तर चारशे पार होत होते.

आणि त्यांना ती सूचना आठवली. समोरच्या संघातला एखादा फलंदाज फार भारी असेल, तर आपल्या पिचरला सांगून ठेवता येतं, की याला मारण्यासारखा चेंडूच टाकू नकोस. चार चेंडू लांब टाकायचे, फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. त्याला वॉक म्हणतात. वॉक मिळाला तर सरासरी वाढतही नाही आणि कमीही होत नाही. म्हणजे तिन्ही सामने हरबाला नुसतं चालवलं, तर तो तीनशे अठ्ठ्याण्णववरच सिझन संपवणार.

प्रमिला गणपती मंडळाच्या बैठकीला गेली होती. वसंतरावांनी यादीत होरवाथचं नाव शोधलं आणि त्याच्यापुढे 'नेहमी वॉक' यावर खूण केली. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं असं हलकं वाटलं. त्यांनी उठून स्वतःच चहा केला.

सकाळी निकाल आला. प्रमिला चष्मा लावून वाचू लागली. "हरबाला वॉक. पुन्हा वॉक." तिनं खाली सरकवलं. "चारही वेळा वॉक? असं कसं?" मग ती थांबली. हळूच मान वर करून तिनं नवऱ्याकडे बघितलं. वसंतराव पेपर बघत होते.

ती उठून आत गेली आणि पोह्यांसाठी कांदा चिरू लागली.

तेवढ्यात वसंतरावांचा मोबाइल वाजला. कित्येक महिन्यांनी शर्वरीचा फोन त्यांच्याच मोबाइलवर आला होता. त्यांनी घाईघाईनं उचलला.

"बाबा, तुम्ही केलंत का ते?"

"नियमात आहे."

"हो. नियमात आहे. लीग मी चालवते, मला माहीत आहे. आई जवळ आहे?"

"आत आहे."

"बरं. मग ठेवते." आणि तिनं खरंच ठेवला.

वसंतराव कितीतरी वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत बसले. ज्या फोनसाठी जीव जळत होता तो आला होता आणि अर्ध्या मिनिटात संपला होता. आतून कांदा चिरल्याचा आवाज येत होता, जरा जोरातच.

प्रमिलानं पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली. स्वतःची घेऊन ती समोर बसली.

"मी एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"तुम्हाला हरबाचे चारशे नको होते, की मला येणारे शर्वरीचे फोन?"

वसंतरावांनी घास तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. "दोन वर्षं ती माझ्याशी बोलायची," ते म्हणाले.

"आणि मी इथं बसून ऐकायची. तेव्हा मला काय वाटत असेल, हे कधी मनात आलं तुमच्या?" ती चिडून बोलत नव्हती. "मी रोज हाक मारते, तुम्ही येत नाही. फोन हवा होता तर यायचं होतंत. त्या बिचाऱ्याला कशाला चालवत बसलात?"

त्या बिचाऱ्याला म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेल्या माणसाला. पण हसू कुणालाच आलं नाही.

दुपारी वसंतरावांनी खूण काढून टाकली. मात्र दुसऱ्या सामन्याला त्यांनी आपला सगळ्यात चांगला पिचर उतरवला. जळणं काही एका दुपारीत जात नाही. सोडायचं तर लढून सोडू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हरबानं त्या चांगल्या पिचरला चारपैकी तीन वेळा झोडपलं. सरासरी चारशे एक झाली.

लीगभर गडबड उडाली. कोण कुठल्या गावचे लोक 'कोटरा कोकिळा' या नावापुढे अभिनंदन लिहू लागले. शर्वरीचा फोन आला तेव्हा प्रमिलानं तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. वसंतराव खुर्ची ओढून बसले.

"आई, आता एकच सामना राहिला. हरबाला बसव," शर्वरी म्हणाली. "खेळलाच नाही तर चारशे एक कायम राहतील."

"बरोबर आहे," वसंतराव म्हणाले. मनापासून म्हणाले, आणि आपण मनापासून म्हणतोय याचं त्यांनाच नवल वाटलं. "बसव त्याला. कुणी नावं ठेवणार नाही."

प्रमिलानं डोकं हलवलं. "नको. बसवून चारशे झाले, तर तुम्ही जन्मभर म्हणाल, बसवून झाले."

पलीकडे शर्वरी हसली. हे खोटं नाही, हे वसंतरावांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या सकाळी तिघांनी निकाल एकत्रच वाचला. शर्वरी तिकडून एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती. पहिल्या वेळी हरबा झेलबाद. दुसऱ्या वेळी हिट. तिसऱ्या वेळी चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात. चौथ्या वेळी पुन्हा झेल. पाचवी खेळी शेवटच्या डावात आली. आता एक हिट मिळाली तर चारशे टिकत होते. "लांब मारलाय," शर्वरी वाचत होती, "खूप लांब, मागं मागं जातोय," आणि तिचा आवाज उतरला. "झेल घेतला, बाबा. तुमच्या त्या दोनशे चौदावाल्यानं, कुंपणाला टेकून."

सरासरी तीनशे नव्याण्णव.

वसंतरावांच्या मनात सगळ्यात आधी आनंदच उसळला. तो त्यांनी स्वतः बघितला, अंगणात साप दिसावा तसा स्वच्छ. मग त्यांनी प्रमिलाकडे बघितलं. तिनं चष्मा काढला होता आणि ती पदरानं काचा पुसत होती, पुन्हा पुन्हा, त्याच त्या काचा.

"पहिल्या दिवशीचे ते चार वॉक नसते तर," वसंतराव म्हणाले आणि थांबले.

"नसते तर झेलही गेले असते चार. कुणाला माहीत," प्रमिला म्हणाली. "पण बघायला मिळालं असतं."

थोड्या वेळानं वसंतरावांनी उठून चहा टाकला, आल्याचा, प्रमिलाला आवडतो तसा उकळून उकळून.

पुढच्या सिझनला हरबा निवृत्त झाला. कॉम्प्युटरनं एका ओळीत तसं कळवलं. प्रमिलाला दोन दिवस करमलं नाही. फोन आता रविवारी येतो, टेबलावर मध्यभागी ठेवतात, आणि वसंतराव हाक मारायच्या आधी येऊन बसतात. आई काही बोलली की मध्येच तोडतात, मग शर्वरी म्हणते, "बाबा, तिला बोलू द्या," आणि ते ओठ मिटून घेतात. त्यांना ते जड जातं, हे समोर बसलेल्या प्रमिलाला स्पष्ट दिसतं.

मंडळात, जिन्यात, भाजीवाल्याकडे वसंतराव हरबाची गोष्ट सांगतात. "तीनशे नव्याण्णव! हमारी मिसेस का खिलाडी. आखिरी बॉल, बाउंड्री पर कैच." कैच कुणी घेतला तेही सांगतात, जरा छाती काढून. पहिल्या दिवसाच्या वॉकचं मात्र कुणालाच सांगत नाहीत. प्रमिला शेजारी उभी असते. ती पिशवीत कोथिंबीर नीट लावते आणि त्यांना गोष्ट पुरी करू देते.